संस्थेच्या डोमेनची नोंदवही संस्थेच्याच हाती असावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदुरातील मराठी वाचनालये, शाळा आणि मंडळे आता संकेतस्थळावरून सूचना देतात व ईमेलवर नोंदणी घेतात. परंतु त्यांच्या डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरील नावाची, नोंदवही (डीएनएस; कोणते नाव कोणत्या संगणकाकडे जाते हे सांगणारी यंत्रणा) कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारले तर कार्यकारिणीला सांगता येत नाही, असा माझा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. या विषयाकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या संस्थेचे काम मी पाहतो, तिचे डीएनएस पूर्वी परगावचे एक गृहस्थ बाइंड या डीएनएस चालवणाऱ्या प्रणालीच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, हाताने बदल करून सांभाळीत असत. व्याख्यानमालेच्या तोंडावर त्यांनी मेल सर्व्हरची नोंद बदलली आणि नावाच्या शेवटचे टिंब राहून गेले. झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब नसेल, तर बाइंड त्याला डोमेनचे नाव पुन्हा जोडतो, त्यामुळे ‘मेल.संस्था.इन’ याचे ‘मेल.संस्था.इन.संस्था.इन’ झाले आणि संस्थेला येणारी पत्रे परत जाऊ लागली. चूक सापडायला एक दिवस गेला, आणि टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरांनी जुनी नोंद जपून ठेवण्याची मुदत, 86400 सेकंदांचा (एका दिवसाचा) असल्यामुळे सुधारलेली नोंद सगळीकडे पोहोचायला आणखी एक दिवस लागला. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. चूक पाहणारा दुसरा डोळाच आम्ही ठेवला नव्हता.

त्यानंतर आम्ही उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर बाइंडऐवजी पॉवरडीएनएस, त्याच्या नोंदींसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्या नोंदी ब्राउझरमधून हाताळण्यासाठी पॉवरॲडमिन बसवले. पहिली अडचण पोर्ट 53 ची, म्हणजे डीएनएसची विचारणा ज्या क्रमांकाच्या दारातून येते त्याची, आली. उबुंटूमध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड ही सेवा त्या पोर्टवर आधीच बसलेली असते, म्हणून पॉवरडीएनएस सुरूच होईना. त्या सेवेचे स्थानिक ऐकणे बंद करावे लागते; मात्र तसे करण्यापूर्वी सर्व्हरला दुसऱ्या रिझॉल्व्हरचा (नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता दिला नाही, तर पुढची पॅकेजेस उतरवतानाच काम अडते. फायरवॉलमध्ये पोर्ट 53 यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडावे लागते, आणि यातले टीसीपी हमखास विसरले जाते. बाकीची मांडणी एका संध्याकाळी झाली.

सुरक्षिततेबाबत मात्र सवलत घेऊ नये. पॉवरॲडमिन बसवून झाल्यावर त्याची इन्स्टॉल फोल्डर काढून टाकलीच पाहिजे, आणि व्यवस्थापनाचे पान साऱ्या जगाला उघडे न ठेवता एचटीटीपीएसवर (सांकेतिक जोडणीवर), शक्य तर व्हीपीएनमधूनच (संस्थेच्या खासगी जोडणीतूनच) दिसेल असे ठेवावे, कारण ज्याच्या हाती ते पान लागेल तो संस्थेची सगळी टपाल आपल्याकडे वळवू शकतो. दुसरा नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी सांगणारा सर्व्हर) वेगळ्या ठिकाणी असावा आणि झोन ट्रान्सफरची, म्हणजे सगळ्या नोंदींची नक्कल घेण्याची, परवानगी फक्त त्याच्याच पत्त्याला असावी.

1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची आखणी केली, त्याआधी साऱ्या जाळ्यावरील संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत आणि प्रत्येक बदल एकाच कार्यालयाकडे कळवावा लागे. ज्याची नावे त्यानेच सांभाळावीत, हा त्या आखणीचा गाभा आहे. आपण मात्र ती नावे पुन्हा एकाच माणसाच्या खिशात ठेवत आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पॉवरडीएनएसच्या डेटाबेसमध्ये नावाच्या शेवटी टिंब द्यावे लागत नाही आणि एसओएचा, म्हणजे डोमेनच्या मुख्य नोंदीचा, प्रत्येक बदलानंतर वाढवावा लागणारा अनुक्रमांक पॉवरॲडमिन आपोआप वाढवतो, त्यामुळे आमचा घात करणारी चूक आता होऊ शकत नाही. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे काढून कोणाला काय बदलता येईल, हेही ठरवता येते. आमच्याकडे कार्यवाह आणि ग्रंथपाल यांची अशी दोन लॉगिन आहेत, आणि यंदाच्या व्याख्यानमालेच्या पानासाठी लागणारी नोंद ग्रंथपाल बाईंनी टेबलाशी बसून स्वतः घातली. इतर संस्थांच्या कार्यवाहांनी निदान येत्या बैठकीत आपल्या डोमेनचा आणि नेमसर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर