काका, पाणी उतरतंय

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी तपासणीसाठी रक्त द्यायला लॅबमध्ये आले तर तुमच्या खुर्चीवर एक नवीन मुलगी. "काका रिटायर झाले, लेकीकडे पुण्याला गेले," म्हणाली. अख्ख्या सांगलीच्या दंडाला पट्टा बांधलेला माणूस असा न सांगता जातो होय? हारतुरे नकोत म्हणून गुपचूप गेलात, हे उघड आहे. म्हणून मीही उघडच लिहितेय. नाव तेवढं घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आपली ओळख भांडणातून झाली, आठवतंय? २०२१ चा पूर ओसरत होता. त्याच्या आदल्या वर्षी मला ल्युपस, म्हणजे अंगाची प्रतिकारशक्ती अंगावरच उलटते तो आजार, असल्याचं निदान झालेलं. रक्त एरवी मिरजेला द्यायचे, पुराच्या गडबडीत तिकडं जाणं जमेना, म्हणून घराजवळ तुमच्याकडे दिलं. मिरजेच्या जुन्या रिपोर्टात सीआरपी, म्हणजे अंगातली सूज सांगणारा आकडा, ०.९ होता. तुमच्या कागदावर ८.६, तोही ठळक अक्षरात. नऊपट! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, त्या चार दिवस मनानंच वाढवून घेतल्या आणि पाचव्या दिवशी तुमच्या काउंटरवर येऊन तावातावानं म्हणाले, तुमचं मशीन तरी बिघडलंय नाहीतर मी तरी.

तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवलेत. बोट ठेवलंत ते आकड्यावर नाही, आकड्यापुढच्या बारीक अक्षरांवर. मिरजेचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तुमचा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. "डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. तिकडचे ०.९ म्हणजे इकडचे ९. वाढलंय कुठं? जरासं उतरलंच आहे की." मग चष्म्यावरून बघत म्हणालात, "अडतीत हिशेब लिहितेस ना? शेतकऱ्याच्या पट्टीत क्विंटलच्या जागी किलो लिहिलंस तर तो सोडंल का तुला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गोळ्यांचं ऐकल्यावर तुमचा आवाज जो चढला, तो अजून कानात आहे. स्टिरॉइड मनानं वाढवायचं नाही आणि घाबरून एकदम बंदही करायचं नाही, आत्ताच्या आत्ता मिरजेच्या डॉक्टरांना फोन लाव. तुमच्यासमोर उभी राहूनच लावला. डॉक्टरही बोलले. दोघांची बोलणी एकाच सकाळी खाल्ली.

त्या दिवशी दुकानांतून चिखल काढायचं काम चाललं होतं, येणारा-जाणारा पुराचंच बोलत होता. तुम्ही विचारलंत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी किती? हे तर सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ: ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. "बरं, पुलाकडनं आलेल्या माणसाला आपण काय विचारतो?" मी म्हटलं, चढतंय का उतरतंय. "मग रिपोर्ट हातात आल्यावर तेच का विचारत नाहीस?"

काका, त्या वाक्यावर माझी चार वर्षं निघाली. ४१ फूट पाणी चढतं असलं की माणसं सामान माळ्यावर टाकतात आणि तेच ४१ उतरतं असलं की खराटे शोधतात. आकडा एकच.

पुढच्या खेपेला तुम्ही मला ईएसआरच्या उभ्या नळ्या दाखवल्यात. तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढीच ती तपासणी. अंगात सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन भराभर बसतात. पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी हा आकडा वाढतो, वयानं वाढतो, गरोदरपणात वाढतो, एवढंच काय, नळी जराशी तिरकी राहिली तरी वाढतो. मी इतके दिवस त्याला देववाणी समजत होते! सीआरपी यकृतात तयार होतं, काही तासांत चढतं आणि कारण मिटलं की झटक्यात उतरतं. ईएसआरला उतरायला आठवडे लागतात. तुम्ही म्हणालात, "सीआरपी म्हणजे कोयनेतनं सोडलेलं पाणी. ईएसआर म्हणजे गल्लीत साचलेलं. धरणाची दारं लावली म्हणून गल्ली लगेच वाळत नाही." आणि बजावलंत की ल्युपसमध्ये पुष्कळदा ईएसआर चढलेला असतो पण सीआरपी फारसा हलत नाही. तेव्हा ताप आहे आणि सीआरपीनं एकदम उसळी घेतलीय असं झालं, तर दुखणं उलटलं म्हणून गप्प बसायचं नाही. कुठंतरी जंतुसंसर्ग असू शकतो, सरळ डॉक्टर गाठायचे.

ठळक अक्षरांची भीतीही तुम्हीच घालवलीत. निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्यात बसतात, ती चौकट; आकडा तिच्याबाहेर गेला की ठळक. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतले पाच तसेही चौकटीबाहेर. वीस तपासण्या एकदम केल्या तर ठणठणीत माणसाच्या कागदावरही एखादं ठळक अक्षर सहज उमटू शकतं.

आमच्या वहिनींचं तर तुम्ही रडणंच थांबवलंत. माझं ऐकून त्यांनी हौसेनं एएनए, म्हणजे ल्युपसचा संशय आला की आधी करतात ती रक्ततपासणी, करून घेतली, ती १:८० ला पॉझिटिव्ह आली. त्यांना ना सांधेदुखी, ना पुरळ, ना ताप. तुम्ही सांगितलंत, रक्तातला पाण्यासारखा भाग ८० पट पातळ केला तरी चमक दिसली, इतकाच त्याचा अर्थ, आणि इतकी चमक कितीतरी निरोगी माणसांत असते, बायकांत जास्तच. तरी डॉक्टरांना एकदा कागद दाखवून या. मी मात्र पुन्हा एएनए करायचा हट्ट धरला तेव्हा पैसे परत सरकवलेत. "एकदा निदान झालं, आता ती मोजून औषध बदलत नाहीत. त्यापेक्षा सी-३, सी-४ आणि डबल स्ट्रँडेड डीएनए डॉक्टरांनी लिहिलंय ते कर." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा लॅबवाला मी दुसरा बघितलेला नाही. अडतीत तर कुणी विश्वास ठेवत नाही. (आमच्या शेठना मात्र प्रत्येक रोगावर हळद माहीत. सांगलीत राहून, तेही हळदीच्या पगारावर, मी काय बोलणार? तुम्ही म्हणालात, "दूध पी की हळदीचं. गोळी सोडू नको.")

केस गळायला लागले तेव्हा मी दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या आणि त्याच महिन्यात थायरॉइडचा टीएसएच अगदी खाली आला. तुम्ही आधी विचारलंत, केसांसाठी काही घेतेस का? काही मशीनवर बायोटिनमुळं थायरॉइडचा आकडा चुकतो. डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या, काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, टीएसएच नेहमीचा.

पण खरे आभार त्या वहीचे. तुमच्या सांगण्यावरून मी अडतीतलीच एक कोरी खतावणी घेतली. तारीख, लॅब, युनिट, मग हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, ईएसआर, सीआरपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, सी-३, सी-४. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात त्या दिवशी मला कसं वाटतंय ते लिहायचं, आणि तेही रिपोर्ट यायच्या आधी. नंतर लिहिलं की माणूस आकडा बघून दुखणं ठरवतो, म्हणालात. खरंय. मी तेच करत होते.

२०२२ ची दिवाळी. मी मजेत. सांधे मोकळे, ईएसआर ३४, सीआरपी नेहमीसारखा. शेऱ्यात ऐटीत लिहिलं होतं, "उत्तम. चकल्या केल्या." तुम्ही वही चाळलीत आणि लघवीच्या रकान्यावर थांबलात. दोन खेपा नुसत्या रेघा. खरं सांगायचं तर हातात बाटली घेऊन काउंटरपर्यंत चालत यायची मला लाज वाटायची. तुम्ही काही न बोलता बाटली पुढं केलीत आणि सी-३ च्या खाली बोट फिरवलंत. १०४, मग ९२, मग ७१. पहिले दोन चौकटीच्या आत, म्हणून माझं लक्षच गेलं नव्हतं. ल्युपस भडकतो तेव्हा हे पूरक प्रथिन खर्ची पडतं आणि आकडा खाली जातो. इथं पाणी उतरत होतं, पण ही नदी उतरलेली चांगली नव्हे.

लघवीत प्रोटीन दोन प्लस आलं. "आज मिरजेला जा. उद्या नाही, आज." डबल स्ट्रँडेड डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली निघाली, मग मूत्रपिंडाची बायोप्सी झाली, आणि मूत्रपिंडाला झळ लागलीय हे कळलं. कुठं दुखलं नव्हतं, खुपलं नव्हतं. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन तेव्हा ०.८ च, म्हणजे चौकटीतच होतं. ते वाढायची वाट बघितली असती तर उशीर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या बदलल्या, पहिले काही महिने फार वाईट गेले, त्याबद्दल इथं लिहीत नाही.

एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. तुम्ही एवढं शिकवलंत, पण कुठली गोळी कमी-जास्त कर हे एकदाही सांगितलं नाहीत. मी चाचपून बघायचे, काका, डोस कमी करू का? तुम्ही कापसाचा बोळा माझ्या हातावर दाबून म्हणायचा, "हे दाबून धर, आणि ते डॉक्टरला विचार."

सोमवारचे आकडे कळवते. लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.३. सी-३ ९८. ईएसआर २६, पण माझं हिमोग्लोबिन १०.८ आहे, तेव्हा त्याचं मी मनावर घेतलेलं नाही. शेरा, रक्त द्यायच्या आधी लिहिलेला: "गुडघे सकाळी दहा मिनिटं आखडले. बाकी ठीक. काका नाहीत."

नव्या मुलीला शीर सापडेना. उजव्या हाताची, कोपराच्या जरा खालची, काका तिथंच घ्यायचे, असं मीच तिला सांगितलं.

पुण्यात भडंग मिळतं म्हणे, पण ते काही खरं नव्हे. पत्ता कळवा, पाठवते.

तुमची,
अडतीतली हिशेबनीस
सांगली