आंबील ओढ्याचा पूर आणि आपले मैदान : सभासदांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबील ओढा आपल्या वसाहतीत शिरला, तेव्हा घटस्थापना चार दिवसांवर आली होती. त्या वर्षी मंडळाने रोषणाई रद्द करून उत्सवाची सारी वर्गणी पूरग्रस्त घरांना दिली, मधल्या गल्लीतील वहिनींनी आठवडाभर दोन्ही वेळा पिठलं-भाकरी पुरवली, मंडपवाल्यांनी पाणी उपसण्याचा पंप भाडे न घेता दिला, आणि ज्यांची हातगाडीच वाहून गेली होती त्या भाजीवाल्या मावशींनीही आग्रहाने आपल्या नावाची पावती फाडली. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही. अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या आपल्या माजी अध्यक्षांनी पुढे भर उन्हात उभे राहून मैदानाच्या लेव्हल घेतल्या, म्हणजे उंच-सखलपणा मोजला. पावसाचे पाणी साठवण्यासाठी मैदान खोल करण्याचे आजचे काम त्यांच्याच आराखड्यानुसार होणार आहे.

कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या या ओढ्यावर नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तलाव बांधला होता. तिथे आज सारसबाग आहे. पाणी थांबण्याच्या अशा जागा गेल्या, गल्ल्या सिमेंटच्या झाल्या आणि सगळा पाऊस एकदम अरुंद पात्रात येऊ लागला. सीमाभिंत उंच करा, असे सुचवणाऱ्यांनी ते पाणी खाली दांडेकर पुलाकडच्या वस्तीत जाईल, याचाही विचार करावा. म्हणून मैदान तीन फूट खाली घेऊन गल्ल्यांचे पाणी त्यात उतरवायचे आणि ओढ्याचा जोर ओसरला की लहान नळाने सावकाश सोडायचे, असे ठरले आहे. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता परिसराचे पाणी साठवण्यासाठी मुंबईत दादर-परळच्या मोकळ्या जागांखाली टाक्या बांधल्या आहेत. आपले साठवण उघडे असल्याने खर्च पुष्कळ कमी आहे. एका मैदानाने पूर टळेल, असा मंडळाचा दावा नाही. पण आपल्या गल्ल्यांचा भार तरी ओढ्यावर एकदम पडणार नाही. क्रिकेटची खेळपट्टी पुन्हा करून दिली जाईल.

गेल्या सभेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ‘आमच्या मजल्यापर्यंत पाणी येत नाही’ असे दारातच ऐकावे लागले, याची खंत वाटते. त्या रात्री वाहून गेलेल्या गाड्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांच्याही होत्या.

महापालिकेची परवानगी मिळाली असून खोदाई मृगापूर्वी संपवायची आहे. प्रतिघर किमान २००० रुपये, गाळेधारकांनी ५०००. रोख किंवा धनादेश, कार्यालयात रोज सायं. ७ ते ९, पावती अवश्य घ्यावी. मुरूम वाहण्यास टेम्पो हवा आहे. दर रविवारी सकाळी ७ पासून श्रमदान; फावडी-घमेली शक्यतो आणावीत. उत्सवाच्या वर्गणीतून ही रक्कम वळती होणार नाही.

आपला नम्र,
कार्यवाह