गच्चीवरची सूर्यनोंद बंद पडू देऊ नका : सोलापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहीत आहे. दसऱ्याआधी अशोक चौकाजवळची आपल्या मंडळाची सूर्यनोंदीची गच्ची रिकामी करून द्यायची आहे आणि नव्या जागेवर अजून पत्रेसुद्धा चढलेले नाहीत. चौदा वर्षे त्या घरमालकांनी आपल्याकडून एक रुपया भाडे घेतले नाही. उलट चैत्र-वैशाखात दुर्बिणीशेजारी पाण्याचा माठ भरलेला असायचा. जुने घर आता पाडायचे आहे, त्याला त्यांचाही इलाज नाही. त्यांनी वेळेत सांगितले, शक्य तेवढी मुदतही वाढवून दिली. मंडळ त्यांचे कायमचे ऋणी आहे.

प्रश्न नोंदवहीचा आहे. रोज सकाळी चार इंची दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडायची, डाग पेन्सिलीने टिपायचे, तारीख-वेळ घालून सही करायची. शेजारी लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे घालून केलेला अँटेना आणि त्याला जोडलेला संगणक. पाणबुड्यांशी संपर्कासाठी नौदल अतिशय कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडते. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन हे तसे केंद्र आहे. त्या लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधून प्रवास करत इथवर पोचतात. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की तिची क्ष-किरणे आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा थर एकदम जास्त विद्युतभारित होतो आणि आपल्या संगणकावरची रेषा हलते. एवढेच यंत्र, पण ढगाळ दिवशीही चालते.

११ मे २०२४ ची सकाळ सभासदांना आठवत असेल. पाळी आपल्या अकरावीतल्या मुलाची होती. सहा पन्नासच्या सुमारास संथ चाललेली रेषा ताडकन उभी चढली आणि पुढे बराच वेळ हळूहळू उतरत राहिली. पोराने चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवला आणि मला फोन केला, "काका, लवकर या, रेषा वर गेली." ती एक्स ५.८ प्रतीची ज्वाला होती. ज्वालांच्या प्रतवारीत सी, एम, एक्स अशी पायरी चढताना दरवेळी तीव्रता दहापट होते, आणि एक्स ही सगळ्यांत वरची. ज्या डागसमूहातून ती निघाली तो पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण पंधरापट रुंद होता. आपल्या वहीत तो आधीच्या दिवसांच्या पानांवर काठाकडे सरकताना पेन्सिलीने टिपलेला आहे. आदल्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाची लाली उतरली होती. ऑक्टोबर २००३ नंतरचे ते पहिले सर्वोच्च श्रेणीचे भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडवलेली खळबळ.

त्या दोन दिवसांत मंडळाचा फोन क्षणभर थांबला नाही. "सोलापुरातून दिसेल का?" "मोबाइल उशाशी ठेवू नका म्हणतात, खरं का?" प्रत्येकाला उत्तर दिले. इथे जमिनीवर वातावरण आपल्याला राखते, मोबाइलने काही होत नाही, निवांत झोपा. पण पुढच्याच महिन्यात याच विषयावर सभा ठेवली तेव्हा खुर्च्यांवर अकरा माणसे होती आणि त्यातली सात कार्यकारिणीतली. हे लिहू नये असे वाटत होते, तरी लिहिले, कारण त्या दिवशी मुलांनी स्वतः रंगवलेले तक्ते मुलांनीच गुंडाळून परत नेले. एका कार्यालयाने व्यासपीठावरून जाहीर केलेली मदत तीन वर्षे झाली तरी आलेली नाही. आमच्या तीन पत्रांना पोचसुद्धा मिळालेली नाही.

"सूर्यावर काय होतं त्याचं आपल्याला काय?" हा प्रश्न देणगी मागायला गेलो की हमखास येतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज अशाच वादळाने गेली, साठ लाख लोक जवळजवळ नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ उपग्रह वादळाने फुगलेल्या वातावरणात सापडले आणि त्यातले चाळीसच्या आसपास खाली येऊन जळाले. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, विजेच्या तारांना इथे कॅनडाइतका धोका नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी आधीच सांगतो. भीती घालून पैसे गोळा करणे मंडळाला दुर्बीण देणाऱ्या सरांनी शिकवले नाही. पण दक्षिणेची वीजयंत्रणा देशाच्या जाळ्याला जोडणारी ७६५ केव्हीची रायचूर-सोलापूर वाहिनी आपल्याच जिल्ह्यात येते. उसावर फवारणी करणारा ड्रोन उपग्रहाला विचारून चालतो आणि विमानांचा लांब पल्ल्याचा रेडिओ ज्वालेच्या वेळी मंदावतो किंवा बंद पडतो. एवढे पुरे आहे.

आणि नोंद ठेवणाऱ्याचे महत्त्व या राज्याने जगाला दाखवले आहे. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने डागांचे चित्र काढता काढता पांढरी ज्वाला पाहिली. जेमतेम अठरा तासांत वादळ पृथ्वीवर आले. ते किती मोठे होते याचा आकडा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपला : चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) घसरण. कोणी तरी तिथे बसून थोड्या थोड्या मिनिटांनी वाचन घेत होते. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते आकडे पुन्हा अभ्यासले, म्हणजे १४४ वर्षांनी! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये हीच चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. आपल्यालाही गेली दोन वर्षे आजूबाजूच्या पंपांची, इन्व्हर्टरची गुणगुण अँटेनात ऐकू येते. म्हणून गावाबाहेर एका शाळेने देऊ केलेली गच्ची म्हणजे आपले भाग्यच.

इथे आपल्या माणसांची नावे न घेता आठवण काढतो, बहुतेकांना नाव छापलेले आवडत नाही. दुर्बीण सरांच्या भविष्य निर्वाह निधीतून आली. त्यांनी घरी सांगितले ते आणल्यावर. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आपल्या करमाळा तालुक्यात जेऊरला तळ ठोकून होते, ही गोष्ट सर सांगायला लागले की त्यांचा आवाज भरून यायचा. "जग जेऊरला आलं होतं रे," म्हणायचे. सर गेले त्या दिवशीसुद्धा वहीत नोंद आहे. सही मात्र थरथरलेली आहे.

अँटेनाची चौकट पूर्व भागातल्या मामांनी मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानातून केली, एकही खिळा न वापरता. तार भवानी पेठेतल्या मोटर रिवायंडिंगवाल्या भाऊंनी दिली आणि दुकान बंद करून स्वतः गच्चीवर येऊन पन्नास वेढे भरले. एकावर एक वेढा चढू दिला नाही. मजुरी विचारली तर म्हणाले, "सूर्याचं काम हाय, घेत नसतो." नव्या पेठेतल्या चादरवाल्या काकांनी सलग नऊ वर्षे विजेचे बिल भरले. रात्रीच्या शिबिरांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आजींनी पाठवली, ती कधी कमी पडली नाही. आणि विड्या वळणाऱ्या त्या ताई, ज्यांचा मुलगा इथे झाळकाम शिकला, त्यांनी रुमालाची गाठ सोडून पाचशे एक रुपये टेबलावर ठेवले. पावती लिहिताना माझा हात थांबला होता.

सूर्यावरचे डाग वाढत-घटत जाण्याच्या सौरचक्राचा कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये आल्याचे जाहीर झाले, मग आता कशाला, असे काही जण म्हणतात. उतरत्या काळातही मोठी वादळे येतात. २००३ ची वादळे कळसानंतरच आली होती. ६ जानेवारी २०२४ ला आपले आदित्य-एल१ हे सूर्य पाहणारे यान पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन सूर्यासमोर ठाण मांडून बसले आहे. त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत घडली. त्याची माहिती आली की मुलांनी आपल्या वहीतल्या पानाशी ताडून बघावी, एवढीच आमची इच्छा आहे. पाने कोरी राहिली तर ताडायचे काय?

तपशील : एकूण खर्च ३,८५,००० रु. (पत्र्याची खोली व दार, वीजजोडणी, तडितरक्षक, संगणक, बॅटरी, दुर्बिणीचा चौथरा, वाहतूक). जमा १,१२,०००. कमी २,७३,०००. रोख, धनादेश किंवा ऑनलाइन. खाते तेच, पावतीपुस्तकाच्या मागे छापले आहे. धनादेश मंडळाच्या नावे. ८०जीचा अर्ज केला आहे, मंजुरी यायची आहे, म्हणून करसवलत गृहीत धरू नये. वस्तुरूपानेही चालेल : पत्रे, सिमेंट, चालू स्थितीतला संगणक, टेंपो एक दिवस. गवंडी व वायरमन यांनी रविवार दिला तर मोठी मदत. कार्यालय रोज सायं. ६ ते ८, सोमवारी बंद. पैसे जमणार नसतील त्यांनी सकाळची एक पाळी घ्यावी. बुधवार आणि शनिवार रिकामे आहेत. सामान हलवताना अँटेनाची चौकट चार जणांनी उचलायची आहे, मामा सोबत असतील.

आपला नम्र,
सचिव