खून कुणाचा झाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सोप्या कवितेचा आग्रह धरणारा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसून पाहिलं, जमलं नाही. कोश उघडायला लावणारा कवी म्हणे वाचकाचा अपमान करतो. असे नाजूक वाचक लेखकमहाशयांना कुठे भेटले कोण जाणे! आमच्या घरी दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड आहेत. एक शब्द बघायला बसावं आणि तासाभराने भलतेच चार घेऊन उठावं, मूळचा शोधायचा राहूनच जावा, यात जी मजा आहे तिला लेखक 'पांडित्य' म्हणतात. म्हणोत.

गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका कविसंमेलनात मी मोटेवरची, म्हणजे बैलांकरवी विहिरीचं पाणी ओढणाऱ्या चामडी पिशवीवरची कविता वाचली. तीत बैलांची धाव होती, मोट ओढणारा जाड नाडा होता, तिच्या सोंडेचा बारीक दोर सोंदूर होता आणि थारोळ्यात बसून केलेली आंघोळ होती. कविता संपते न संपते तोच सूत्रसंचालकांनी माईक ओढून विचारलं, "सर, खून कुणाचा झाला?" सगळं सभागृह हसलं. नंतर चहाच्या वेळी अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून 'थारोळं' काढून 'टाकी' घाला, असा प्रेमळ सल्ला दिला.

टाकी! टाकी म्हटलं की मला गच्चीवरची काळी प्लास्टिकची दिसते. मोटेचं पाणी विहिरीतून वर येऊन जिथं कोसळतं ते थारोळं. आमच्या कागलकडच्या मळ्यात आम्ही पोरं त्यात बसून मोट रिती व्हायची वाट बघायचो. टाकीत पाणी नुसतं साठतं. थारोळ्यात ते आदळतं, घुमतं आणि मग पाटाला लागतं. शब्द मोठ्याने म्हणून बघा, जीभही तेच करते. तो सापडला त्या रात्री मला झोप नव्हती.

बरं, हा शब्द अवघड म्हणावा, तर आपल्याच अंकात कुणी ना कुणी रक्ताच्या थारोळ्यात पडलेलं आढळतंच. तेव्हा कुणाला कोश लागत नाही. रक्ताचं चालतं, पाण्याचं तेवढं दुर्बोध!

आणि हे सांगायचं कुठं, तर कोल्हापुरात. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरं टाळून निरोष्ठ रामायण रचलं. थोडी छाप पाडायची हौस असेलही, पण १०८ रामायणं कुणी नुसत्या छापेसाठी लिहीत नाही. इथल्या राजाराम कॉलेजात नंतर शिकवलेल्या कवी माधव जूलियनांनी १९२५ साली फारशी-मराठी कोश केला, कवितेतही फारशी शब्द मनमुराद वापरले, आणि पुढे भाषाशुद्धीच्या भरात तेच शब्द वेचून बाहेर काढले. त्यांचं हे दुसरं रूप मला पटत नाही. पण वेड दोन्ही वेळा शब्दांचंच होतं. सोपेपणाचं नव्हे.

समासांची मोळी बांधली की कविता होते, असं माझं म्हणणं नाही. तसल्या कविता मलाही वाचवत नाहीत म्हणून मी बाजूला ठेवतो.

जाता जाता एक. आपल्या पुरवणीत कवितेच्या लांब ओळी चौकटीच्या रुंदीला बसवण्यासाठी मधेच मोडतात. मागे एका बिचाऱ्या कवीच्या दोन ओळींच्या पाच झाल्या होत्या. खालची फ्लॅटची जाहिरात मात्र ऐसपैस, आठही कॉलम. दुर्बोधतेवर पुढचा लेख छापण्याआधी तेवढं बघावं.

आपला जुना वर्गणीदार,
शिवाजी पेठ, कोल्हापूर