ईशाला पहिल्या पीयूसीला बसवू नका

मस्कत, १२ एप्रिल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा नाही. कॉलेजच्या ऑफिसात तुम्हाला कुणीतरी सांगितलं, "बाहेरचं शिक्षण इथं चालत नाही, मुलीला पहिल्या पीयूसीला बसवा," आणि तुम्ही पहिल्या पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, अर्ज घेऊनच घरी आलात. तो अर्ज भरू नका. ईशाची दोन वर्षं त्यात फुकट जातील.

तिनं आयजीसीएसई ही बाहेरच्या बोर्डाची परीक्षा दिली, ती आपल्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, जागी. मग त्याच्या पुढच्या ए लेव्हलला, म्हणजे अकरावी-बारावीच्या जागी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतले. दिल्लीला भारतीय विश्वविद्यालय संघ आहे, एआययू म्हणतात त्याला. बाहेरच्या बोर्डाची परीक्षा आपल्या बारावीच्या तोडीची आहे का, हे तिथं ठरतं. आयजीसीएसईचे किमान ५ विषय चांगल्या ग्रेडनं आणि ए लेव्हलचे ३, एवढं असलं की बारावी धरतात. मी ऑनलाइन अर्ज केला होता. गेल्या आठवड्यात समकक्षता प्रमाणपत्र आलं. आता तुम्ही ऑफिसात फक्त एवढाच शब्द सांगा, समकक्षता प्रमाणपत्र. बाकी मी आल्यावर बघते.

मार्कलिस्टवर अक्षरं बघून गोंधळू नका. ए स्टार म्हणजे ९० च्या वर, ए म्हणजे ८० च्या वर, आणि निकालाच्या कागदावर आकडेही असतात. जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तोवर आपल्याकडचे प्रवेश होऊन जातात. म्हणून तिला मुद्दाम नोव्हेंबरला बसवलं. जानेवारीतच निकाल हातात होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशातही खरा धरतात त्याचा, शिक्काही मारून घेतलाय. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात ओमान आहे आणि २००५ पासून भारतही आहे, त्यामुळे पुन्हा वकिलातीत जावं लागत नाही. दुबईच्या लोकांना मात्र वकिलातीचा हेलपाटा चुकत नाही.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, आणि तीच मलाही आहे. सोळा वर्षांची पोर अठराच्या मुलामुलींत बसणार. शाळेनं तिला चौथीतून सरळ सहावीत घातलं तेव्हा मी हो म्हटलं, ते बरोबर केलं का, हे कितीदा मनात येतं. डॉक्टर व्हायचं असतं तर थांबावंच लागलं असतं, नीटला १७ पूर्ण लागतात. पण तिला बीएस्सी करायचंय, फिजिक्स घेऊन. रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसते. तिला आणखी दोन वर्षं तेच पुस्तक पुन्हा वाचायला लावायला माझं मन होत नाही. त्यापेक्षा तुझ्याजवळ बेळगावात, टिळकवाडीत राहू दे. तिच्याशी रोज थोडं कन्नड बोलत जा. बसमध्ये, बाजारात तिला बोलता यायला हवं.

बाबा, तुम्ही निपाणीहून कोल्हापूरला शिकायला गेलात, ती गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली. जेमतेम चाळीस किलोमीटर, पण दाखला कर्नाटकचा आणि कॉलेज महाराष्ट्राचं. मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी तुम्ही किती खेटे घातलेत! आजोबा म्हणाले होते, "कागद येईल, तू वर्गात जाऊन बस." तेवढंच आता तुम्ही ईशाला म्हणा. तिचा तर कागदही आलाय.

आम्ही २० मे ला पोहोचतो. उन्हात ऑफिसात रांगेला उभे राहू नका, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. आणि पत्र्याच्या पेटीत तुमचं ते मायग्रेशन सर्टिफिकेट अजून असेल तर काढून ठेवा. ईशाला बघायचंय.

तुमची,
बेबी