मिस्सेतली शांतता ज्यांना जड जाते

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

प्रार्थनास्थळातल्या गोंगाटाविषयी वाचक नेहमी लिहितात: मोबाईल वाजतात, मुले रडतात, मागच्या बाकांवर गप्पा रंगतात. हे पत्र गोंगाट थांबल्यावर काय होते त्याविषयी आहे. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, कम्युनियन (पवित्र भाकर घेण्याचा विधी) संपते, गायकवृंद थांबतो, फादर आसनावर बसतात आणि भरलेले चर्च एकदम गप्प होते. मग कोणीतरी नाक ओढते. कोणी खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवू लागते, आवाज होऊ नये म्हणून अगदी हळूहळू. त्यामुळे क्षणात संपणारी कुरकुर अर्धा मिनिट चालते. जपमाळेचे मणी बाकाच्या लाकडावर घासतात. बहुतेकांना यातले काही ऐकूही येत नाही. मिसोफोनिया, म्हणजे ठरावीक बारीक आवाज सहन न होण्याचा त्रास, असलेल्या माणसाची प्रार्थना मात्र एकदा नाक ओढले की पुढचे कधी ओढले जाईल याची वाट पाहण्यात संपते. छाती धडधडते, जबडा आवळतो, उठून पळावेसे वाटते किंवा त्या माणसावर खेकसावेसे वाटते. आणि हे सगळे वेदीसमोर.

मिसोफोनिया हा शब्द २००१ साली मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ या संशोधकांनी रूढ केला. त्याची तज्ज्ञांना एकमताने मान्य झालेली व्याख्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मानसिक आजारांच्या प्रचलित वर्गीकरणांत त्याला अजून स्वतंत्र नोंद नाही, म्हणून पुष्कळ डॉक्टरांनाही तो माहीत नसतो. मोठा आवाज सहन न होणे हा वेगळा त्रास. इथे आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कसला आहे आणि कोणाचा आहे हे महत्त्वाचे ठरते. चावणे, मचमच, नाक ओढणे, घसा खाकरणे, पेनची टकटक, असे बारीक आणि पुन्हा पुन्हा होणारे आवाज. परक्यापेक्षा घरच्या माणसाचा आवाज जास्त छळतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मेंदूतल्या इन्सुला या भागाची अशा आवाजांना मिळणारी अवाजवी प्रतिक्रिया दाखवली. २०२१ मध्ये त्यांना ऐकण्याचे केंद्र आणि तोंड-चेहऱ्याच्या हालचालींचे केंद्र यांच्यात जास्तीचा दुवा आढळला. दुसऱ्याचे तोंड जणू आपल्याच तोंडात हलते आहे, असे काहीसे होत असावे.

ज्याला आवाज सोसत नाही त्याने पहाटेच्या शांत मिस्सेला जावे, असा प्रेमळ सल्ला हमखास मिळतो. तो उलटा आहे. बारीक आवाज झाकायला दुसरा आवाज लागतो. गायन असलेली, गर्दीची, पंखे चालू असलेली मिस्सा बहुतेकांना सोपी जाते आणि पंधरा माणसांची आठवड्यातली मिस्सा असह्य होते. म्हणून मिस्सेतली शांतता कमी करा अशी मागणी इथे नाही. ती उपासनेचाच भाग आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत क्रमांक ४५ मध्ये तिचे प्रसंग सांगितलेले आहेत. शांततेत काय ऐकू यावे, एवढ्यापुरतेच हे बोलणे.

जागेपासून सुरुवात करू. पाठीमागून येणारा आवाज सर्वांत वाईट, कारण तो कुठून येतो ते दिसत नाही. त्यामुळे भिंतीलगतचा शेवटचा बाक बरा. पण उशिरा येणारे आणि सर्दीवाले तिथेच बसतात. दुसरा पर्याय गायकवृंदाच्या शेजारी किंवा पंख्याखाली, बाकाच्या कडेला. कड हवीच, कारण कोणाला न ओलांडता उठता येईल एवढे माहीत असले तरी जीव थोडा हलका होतो. काही चर्चमध्ये लहान मुलांसाठी काच लावलेली वेगळी खोली असते. तिथे जा असे कोणी सुचवले तर नम्रपणे नको म्हणावे. तिथे मुले खात असतात.

कानातल्या प्लगांविषयी नीट सांगायला हवे. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर आवाज साधारण तीस डेसिबलपर्यंत कमी होतो. पण मग प्रवचन कळत नाही, आणि स्वतःचे गिळणे, श्वास, गाणे डोक्यात घुमू लागते. संगीतकार वापरतात ते फिल्टरचे प्लग दहा ते वीस डेसिबलच कमी करतात; शब्द कळत राहतात आणि बारीक आवाज बोथट होतात. त्रास एकाच बाजूने असेल तर त्याच कानात घालावा. घरीदारी दिवसभर मात्र ते घालून बसू नये. सततच्या शांततेला सरावलेला कान आणखी हळवा होतो.

आता धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविक समुदायाच्या, हातात काय आहे ते पाहू. खरा दोषी पुष्कळदा माईक असतो. फादरांच्या झग्याला लावलेला माईक कम्युनियनच्या वेळी चालू राहतो, आणि वेदीवरची मोठी, कोरडी बेखमीर भाकर चावल्याचा आवाज चारही लाउडस्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येतो. ज्यांना मिसोफोनिया नाही तेही अस्वस्थ होतात, पण बोलायचे कसे? उपाय बटणाचा आहे. ‘प्रभू, मी योग्य नाही’ हे म्हणून झाल्यावर तो माईक आणि वेदीवरचा उभा माईक, दोन्ही बंद करायचे. शांततेनंतर ‘प्रार्थना करू या’ म्हणण्याआधी उघडायचे. हे काम फादरांवर सोडले तर उघडायचे राहून जाते आणि पहिले वाक्य कोणालाच ऐकू येत नाही. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने मिक्सरवर त्या दोन चॅनेलांना रंगीत पट्टी चिकटवावी आणि स्वतःच बंद-चालू करावे.

बायबल वाचणाऱ्यांचे थोडे वेगळे. माईक ओठांना टेकवून वाचले की श्वासाचा झोत आणि ओठांची चटचट दोन्ही मोठे होतात. पंधरा-वीस सेंटीमीटर अंतर ठेवून माईक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला तिरका ठेवावा, त्यावर फोमची टोपी असावी. झोत जातो, चटचट मात्र अंतराने जात नाही, कारण शब्द आणि ती सारख्याच प्रमाणात कमी होतात. ती कोरड्या तोंडातून येते. वाचायला उठण्यापूर्वी दोन घोट पाणी पुरे. ‘स’, ‘श’ फार टोचत असतील तर मिक्सरवर पाच ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करावेत. त्याहून जास्त कापले तर वृद्धांना शब्द कळत नाहीत आणि नवी तक्रार सुरू होते.

च्युइंगम आणि गोळ्यांविषयी आजाराचे नाव न घेताही सांगता येते. चर्चच्या कायद्यातले कलम ९१९ कम्युनियनपूर्वी किमान एक तास पाणी आणि औषध सोडून काहीही न घेण्याचा उपवास सांगते. मिस्सेआधी तेवढेच वाचून दाखवले तरी चघळणे पुष्कळ कमी होते. खोकल्याची औषधी गोळी चालते. तिचा कागद घरीच काढून ती रुमालात आणा, एवढी विनंती जोडावी. पवित्र भाकर चावू नये असा नियम मात्र नाही, तसा कोणी काढूही नये.

पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापे कबूल करण्याचा, विषय नाजूक आहे. जाळीआडून येणारी कुजबुज कित्येकांना छळते. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, उरतो तो नुसता सुसकारा. हळू पण खऱ्या आवाजात बोलले तर तो जातो. त्यासाठी रांग चार मीटर मागे उभी करावी, म्हणजे कुजबुजण्याची गरजच उरणार नाही.

आणि निवेदन करायचे ते काय? ‘शेजारच्या बाईचा राग आला’ हे दर महिन्याला सांगून लोक थकतात. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या, १७६७व्या परिच्छेदानुसार भावना स्वतःहून चांगल्या किंवा वाईट नसतात. बुद्धी आणि इच्छा त्यांत उतरली की नैतिक प्रश्न येतो. नाक ओढल्याबरोबर उसळलेला संताप ही शरीराची प्रतिक्रिया आहे. वळून जळजळीत पाहणे, नंतर त्या बाईविषयी चार ठिकाणी बोलणे, हे आपल्या हातात असते. निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी हा फरक स्पष्ट शब्दांत सांगावा. नाहीतर पापभीरू माणूस आधीच दुखऱ्या जागेवर स्वतः मीठ चोळत बसतो.

इथे फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाची आठवण हमखास काढली जाते. कार्मेल मठात संध्याकाळच्या ध्यानावेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा आवाज करायची. वळून एकदा रागाने पाहावे असे तेरेझाला फार वाटे. ती घामाने निथळत बसून राहिली आणि शेवटी तो आवाज संगीतासारखा ऐकून येशूला अर्पण करू लागली. तिला मिसोफोनिया होता असे आज कोणी ठरवू नये. पण तिने ते स्वतः निवडले होते, कोणी तिला तसे करायला सांगितले नव्हते, हे विसरून ‘अर्पण कर’ असे दुसऱ्याला सुनावणे सोपे असते. शिवाय त्रास देणाऱ्या आवाजाकडे मुद्दाम लक्ष लावले तर पुष्कळांचा त्रास वाढतो. उपचार म्हणूनही जबरदस्तीने आवाज ऐकवत राहणे योग्य नाही. मिसोफोनियाची जाण असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून घेतलेल्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या उपचाराने) काहींना उतार पडतो, हे नेदरलँड्समधल्या चाचणीत दिसले आहे.

आता रविवारी मिस्सेला जाण्याच्या बंधनाविषयी. कलम १२४८ नुसार आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते आणि ती कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकता येते, तेव्हा सोसेल ती मिस्सा शोधायला मोकळीक आहे. अगदीच अशक्य झाले तर कलम १२४५ प्रमाणे प्रमुख धर्मगुरू योग्य कारणासाठी त्या बंधनातून सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरे भक्तिकृत्य सांगू शकतात. ही सूट मागण्यात लाज नाही, पण ती पहिली पायरीही नव्हे. एकदा टाळायला लागले की टाळायच्या जागा वाढत जातात.

त्रास बहुधा दहा-बारा वर्षांच्या आसपास सुरू होतो. आईशेजारी बसायचे नाकारणारे मूल उद्धट ठरते, खरे तर ते आईच्या श्वासापासून लांब जात असते. त्याला दोन बाक पुढे बसू द्यावे किंवा गायकवृंदात घालावे. स्वतःचा आवाज हे उत्तम झाकण आहे. वेदीसेवक करायचे असेल तर आधी वर सांगितलेला माईक बंद करा.

घरोघरच्या जपमाळेत वीस माणसे एका खोलीत बसून त्रेपन्न वेळा ‘नमो मरिये’ म्हणतात. पंखा चालू ठेवणे, दाराशी बसणे, आणि शक्य असेल तर जप स्वतः सांगणे, याचा उपयोग होतो. धर्मग्रामाच्या जेवणांत पार्श्वभूमीला संगीत असावे, आणि ज्याला त्रास आहे त्याला वाढण्याचे काम द्यावे. वाढणाऱ्याला एका जागी बसावे लागत नाही आणि कोणी कारणही विचारत नाही.

फादरांना हे सांगायचे तर मिस्सेआधीच्या धावपळीत नको, मधल्या वारी वेळ घेऊन सांगावे. ‘काही बारीक आवाजांनी माझे शरीर आपोआप उसळते. मी कडेला बसेन. मध्येच बाहेर गेलो तर अनादर समजू नका, पाच मिनिटांत परत येईन.’ एवढे पुरते. कोणाचे नाक वाजते ते सांगू नये.

आपला,
एक वाचक