कोर्सची फी भरायच्या आधी हे वाच

ठाणे, रविवार रात्र

प्रिय अव्या,

गणपतीपासून एक ओळ लिहिली नाही, लाज वाटते. काल तुझा मेसेज आला, राजीनामा देतोय, वेबसाइट बनवायला शिकवणारा फुल स्टॅकचा कोर्स लावतोय, आणि झोपच उडाली. आईचा गुडघा बरा आहे.

अरे, १४ वर्षं बँकेचे प्रोग्रॅम कोबोल या जुन्या भाषेत लिहिलेस, ते सोडून दुसऱ्या रांगेत शेवटी उभा राहणार? मेनफ्रेममधून, म्हणजे बँकेच्या त्या अजस्र कॉम्प्युटरमधून, डेटा सुखरूप बाहेर काढणं हेच तुझं दुकान. ९ आकडी रक्कम कॉम्प-३ मध्ये, म्हणजे एका बाइटात दोन आकडे कोंबायच्या पद्धतीत, ५ बाइटांत बसते, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह: सी अधिक, डी उणे. कुणीतरी ती फाइल एफटीपीने (फाइल इकडून तिकडे न्यायची सोय) टेक्स्ट मोडमध्ये ओढतो, मेनफ्रेमच्या एबसिडिक अक्षरसंकेतांचं इतर कॉम्प्युटरांचं आस्की होतं. नावं स्वच्छ येतात, पण रकमांचे बाइटही अक्षरं समजून बदलले जातात आणि त्यांचा चुराडा होतो. व्ही ९९ मधला, म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांआधीचा, दशांश बिंदू फाइलमध्ये नसतोच, तो कॉपीबुकात, म्हणजे फाइलच्या लेखी आराखड्यात. विसरला की १२५ रुपयांचे १२,५०० झाले! नवी पोरं यात आठवडा घालवतात, तू हेक्स डंप, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट, बघून चुकीवर बोट ठेवतोस.

तलावपाळीवर मीच तुझ्याशी 'जावा शीक' म्हणून भांडलो होतो. ते शब्द मागे घेतो.

प्रोफाइलवर 'कोबोल डेव्हलपर' नको. 'बँकेचा मेनफ्रेम डेटा पैशापैशाला जुळवून नव्या सिस्टिमवर आणतो' असं लिही. पहिलं काम २ आठवड्यांचं, ठोक रकमेचं घे: एक फाइल, तिचं कॉपीबुक, रेकॉर्डची संख्या आणि रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळल्याचा लेखी अहवाल. निम्मे पैसे आधी. सुरुवातीलाच तासाचा दर सांगितलास की घासाघीस तासांवरच होते.

राजीनाम्याआधी करार वाच, कंपनीच्या क्लायंटकडे किती महिने जाता येत नाही ते बघ. कंपनीचं एकही कॉपीबुक सोबत आणू नकोस. ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, कारण बिलं उशिरा सुटतात. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी. त्यानंतर परदेशी काम असेल तर एलयूटी (आधी कर न भरता परदेशी काम करायचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं, नाहीतर १८ टक्के आधी भरून परताव्याच्या मागे लागावं लागतं.

वहिनींची ऐरोलीला बदली झाली का? चिनूची दहावी ना यंदा?

शुक्रवारी फी भरायची म्हणालास. थांब. शनिवारी ठाण्याला ये, प्रोफाइलची ती ओळ समोरासमोर बसून लिहू.

तुझा,
बाळ्या